मुलीचं कॉलेज बघायला जाताना



बारावीचा निकाल लागला की आपल्या किनाऱ्यावरच्या घराघरांत एकच विषय असतो. मुलीला पुढे कुठे घालायचं? अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनला जाऊन-येऊन होत असेल तर प्रश्न सुटतो. पण इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, शेतकी म्हटलं की लोणेरे, पनवेल, मुंबई, पुणे नाहीतर दापोली गाठावी लागते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "एकदा जाऊन बघून येतो." हे कुणीतरी बहुतेक वेळा वडील असतात, नाहीतर मामा. ते जातात, मोठी इमारत बघतात, फी विचारतात आणि संध्याकाळच्या एसटीने परत येतात. कसं आहे म्हणून विचारलं तर सांगतात, "चांगलं आहे." मुलगी घरात असते, आई चुलीपाशी असते, आणि निर्णय होऊन जातो.

मी बचत गटांचं काम करते. गटाच्या बैठकीत कर्जाचा विषय निघतो तेव्हा कॉलेजचा विषय हमखास निघतो. म्हणून आज या 'बघून येण्या'बद्दल बोलायचं ठरवलं. त्यासाठी थोडं मागे जाऊ या, आणि सुरुवात आपल्या अलिबागपासूनच करू या.

कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना. जन्म १८६५ सालचा. नवव्या वर्षी तिचं लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झालं आणि ती आनंदी झाली. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते, वयाने बरेच मोठे आणि बिजवर. बायकोला शिकवायचंच, हा त्यांचा हट्ट होता. त्यांची बदली अलिबागला झाली. त्या वेळी आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा. ही छोटी मुलगी नवऱ्याबरोबर अलिबागला राहायला आली आणि तिचा अभ्यास इथे चालू राहिला. पुढे कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा बदल्या होत गेल्या. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला, तो दहाच दिवस जगला. बाळंतिणीला बाईडॉक्टर मिळत नाही, हे दुःख तिने स्वतः भोगलं. डॉक्टर होण्याची इच्छा तिथून पक्की झाली.

गोपाळरावांनी कोल्हापूरहून अमेरिकेतल्या एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. ते तिथल्या एका मासिकात छापलं गेलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे गेल्या असताना त्यांनी ते वाचलं. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं, आणि दोन बायकांचा पत्रव्यवहार सुरू झाला. एकमेकींना कधीच न पाहिलेल्या या बायका पत्रातून मावशी-भाची झाल्या. पुढच्या सगळ्या गोष्टीत या मावशीचं काम मोठं आहे.

जायचं ठरलं तेव्हा लोकांनी खूप बोल लावले. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी उभं राहून लोकांच्या सहा प्रश्नांना जाहीर उत्तरं दिली. तेव्हा त्यांना अठरावं वर्ष पुरं व्हायचं होतं. प्रश्न साधारण असे होते. अमेरिकेलाच का जायचं? इथे शिकायची सोय नाही का? एकटी का जातेस? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचं काय? तिकडे काही बरंवाईट झालं तर? आणि आजवर कुठल्या बाईने केलं नाही ते तूच का करावंस?

मैत्रिणींनो, यातले किती प्रश्न आपल्या अंगणात अजून ऐकू येतात! इतक्या लांब कशाला? इथे कॉलेज नाही का? एकटी कशी राहील? लोक काय म्हणतील? काही झालं तर? या प्रश्नांना आता जवळजवळ दीडशे वर्षं होतील. हे प्रश्न विचारणं वाईट नाही. पण आपण ते 'पाठवायचं नाही' म्हणण्यासाठी वापरतो. आनंदीबाईंनी त्यांची उत्तरं शोधली ती जाण्यासाठी.

एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. गोपाळराव बरोबर नव्हते. दोघांच्या भाड्याइतके पैसे नव्हते, आनंदीबाईंच्या सोन्याच्या बांगड्याही या प्रवासापायी विकल्या गेल्या. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा घ्यायला कार्पेंटर मावशी आली होती. उन्हाळाभर त्या तिच्या घरी राहिल्या. मग फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजात प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली. तिथे पोचवायला मावशी स्वतः गेली. आईने मुलीला होस्टेलला सोडायला जावं तशी. कॉलेजच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनीही या मुलीला आपलं मानलं.

म्हणजे कॉलेज उत्तम, शिकवणारे उत्तम, फीची सोय झालेली, पाठीशी माणसं चांगली. तरीही एक गोष्ट राहिली. राहायला मिळालेली खोली. फिलाडेल्फियाची थंडी म्हणजे बर्फाची थंडी. आणि खोलीतली शेगडी अशी, की पेटवली की धूर कोंडायचा. धूर सोसा नाहीतर गारठा सोसा. त्यात अंगावर साडी, जेवण शाकाहारी, ते स्वतःच रांधायचं, आणि अभ्यासाचा डोंगर. तब्येत ढासळत गेली. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. एकविसावं वर्ष पुरं व्हायला तेव्हा वीस दिवस बाकी होते. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागाची नेमणूकही मिळाली होती. पण आनंदीबाई परतल्या त्या क्षयाने खंगून, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या.

एका खोलीने त्यांचा जीव घेतला, असं मी म्हणणार नाही. त्या आधीपासून आजारी असायच्या, आणि त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. पण एवढं नक्की, की मुलगी वर्गात चार-सहा तास असते आणि उरलेला दिवस-रात्र ती जिथे राहते तिथे असते. शिक्षण टिकतं की मोडतं, ते पुष्कळदा त्या जागेवर ठरतं.

हे ज्यांना नीट समजलं होतं त्यांच्याकडे वळू या. महर्षी धोंडो केशव कर्वे मूळचे कोकणातले, मुरूडचे. आपलं मुरूड-जंजिरा नव्हे, दापोली तालुक्यातलं मुरूड. सतरा-अठरा वर्षांचे असताना ते एका सरकारी परीक्षेसाठी पावसापाण्यातून सह्याद्री ओलांडून शंभराहून जास्त मैल चालत साताऱ्याला गेले. तिथे परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि वय लहान दिसतं म्हणून बसू दिलं नाही. एवढी पायपीट फुकट गेली.

त्यांची दुसरी पत्नी बाया कर्वे, म्हणजे देवरुखच्या गोदूबाई जोशी. त्या बालविधवा होत्या. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन काढलं, तेव्हा त्यांच्या भावाने त्यांना तिथे दाखल केलं. तिथल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. घर सोडून मुलगी राहते कशी, याचा अनुभव कर्व्यांच्या घरातच होता. १८९६ साली कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे आणि आश्रमासाठी पुणे ते हिंगणे चालत जायचे. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले याच आश्रमात शिकल्या आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या. १९१६ साली महिला विद्यापीठ निघालं, पहिल्या वर्षी विद्यार्थिनी होत्या फक्त पाच. तेच आज मुंबईचं एसएनडीटी. आधी छप्पर आणि जेवण, मग शाळा, मग विद्यापीठ, असा तो क्रम होता.

आता आपल्याकडे येऊ. १९८९ साली माणगाव आणि महाडच्या मध्ये, हायवेलगत लोणेरे इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ उभं राहिलं. दापोलीला कृषी विद्यापीठ त्याच्याही आधीपासून आहे. आणि जिथे आनंदीबाईंचा अभ्यास चालायचा त्या अलिबागेत आता शासनाचं वैद्यकीय कॉलेज झालं आहे. कॉलेजं जवळ आली. बघायला जाण्याची रीत मात्र तीच जुनी राहिली. ती कशी बदलायची, ते या इतिहासातूनच शिकू या.

पहिलं, कोण जाणार? मुलगी गेलीच पाहिजे, कारण राहायचं तिला आहे. आई किंवा घरातली दुसरी एखादी बाई गेली पाहिजे. बायकांच्या होस्टेलच्या आत वडिलांना जाता येत नाही. संडास-बाथरूमला कडी आहे का, पाणी किती वाजता येतं, मासिक पाळीचा कचरा टाकायची सोय आहे का, हे आईच विचारणार. कार्पेंटर मावशीसारखी गटातली एखादी जाणती बाई बरोबर आली तर आणखी चांगलं.

दुसरं, कधी जायचं? रविवारी जाऊ नका. कामाच्या दिवशी जा, म्हणजे ऑफिस उघडं असेल आणि वर्ग भरलेले दिसतील. शक्य असेल तर निकालाची वाट न बघता आधीच एक फेरी करा. प्रवेशाची धावपळ नेमकी पावसाळ्यात येते, तेव्हा मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँचा बंद असतात आणि पेण-वडखळच्या रस्त्याने अर्धा दिवस जातो. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. पावसाळ्यात पोर समुद्रावरून जाणार म्हटलं की आपली म्हातारी माणसं घाबरतात, ती उगीच नाही. म्हणून चारही महिने मुलगी घरी कशी येणार-जाणार, तो रस्ता बघायला जाताना एकदा स्वतः करून बघा.

तिसरं, काय बघायचं? इमारत दहा मिनिटांत बघून होते. खोली बघा. एका खोलीत किती जणी, खिडकी उघडते का, भिंतीला ओल आहे का. मेसमध्ये पैसे देऊन एक वेळ जेवा. कॉलेज आणि होस्टेल लांब असेल तर ते अंतर संध्याकाळी, दिवे लागल्यावर चालून बघा. मुलगी रात्री आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेतं, ते विचारा. तिथे राहणाऱ्या दोन-तीन मुलींशी रेक्टरच्या माघारी बोला. एरवी नसती सांगितली अशी गोष्ट त्या सांगतील.

चौथं, काय विचारायचं? रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे. मुलींच्या तक्रारींसाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर फलकावर आहेत का, ते बघा. विचारायला लाजू नका.

पाचवं, पैसे आणि कागद. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या ज्या घरांचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, तिथल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन भरतं. प्रवेश मात्र शासनाच्या प्रवेश फेरीतून झालेला हवा. होस्टेल, मेस आणि प्रवासाचा खर्च त्यात धरलेला नाही, आणि घरचं गणित तिथेच बिघडतं. तो आकडा लिहून घ्या. कुठले दाखले लागतात, कुठल्या तारखेपर्यंत, तेही लिहून घ्या. कर्व्यांना साताऱ्याहून रिकाम्या हाताने परतावं लागलं तसं आपल्या मुलीला एका दाखल्यापायी परतावं लागू नये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एखादी गोष्ट खटकली म्हणून मुलीला घरी बसवू नका. होस्टेल बरं नसेल तर शासकीय वसतिगृह बघा, ओळखीच्या चार मुलींनी मिळून खोली घेता येते का ते बघा, दुसरं कॉलेज बघा. आपण बघायला जातो ते तिची वाट बंद करायला नव्हे. तिची अडचण आधी आपल्याला दिसावी, म्हणून जातो.

यात गट काय करू शकतो? पुढच्या महिन्याच्या बैठकीत हा विषय घ्या. कुणाच्या मुली बारावीला आहेत त्यांची नावं लिहा. तीन घरं एकत्र निघाली तर गाडीभाडं वाटून जातं. प्रवासापुरतं छोटं कर्ज अंतर्गत व्यवहारातून देता येतं, तसा ठराव करा. आणि जी जाऊन येईल तिने बैठकीत सगळं सांगायचं. मेसचा दर, खोलीची अवस्था, एसटीची वेळ, सगळं एका वहीत उतरवायचं. पुढच्या वर्षी ज्यांच्या मुली बारावीला असतील त्यांना ती वही द्यायची.

आनंदीबाईंना समुद्रापलीकडे एक मावशी भेटली, तेही एका पत्रामुळे. आपल्या मुलींच्या मावश्या आपल्या गावात, आपल्या गटात आहेत. त्यांनी फक्त एक दिवस काढून एसटीत बसायचं आहे.