लग्नात निळा चालतो का?

'बस्ता' हा शब्द अजून टिकून आहे, पण त्यात बांधलं जाणारं कापड पार बदललं. आमच्या लहानपणी बस्ता म्हणजे नवरीचा शालू, मामाकडची पिवळी अष्टपुत्री, मानपानाची लुगडी, धोतरजोड्या, उपरणी आणि टोप्या. आता नाशिकच्या कुठल्याही मोठ्या दुकानात बस्त्याला गेलं की पहिला मजला साड्यांचा आणि दुसरा लेहेंग्यांचा. मुली सरळ दुसऱ्या मजल्यावर जातात. आपण खाली मानपानाच्या साड्या मोजत बसतो.

लेहेंगा आपला नाही, हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे मुलींना परकर-पोलकं असे, सणावाराला खणाचं. मुलगी मोठी झाली की लुगडं. थोरल्या बाईने घागरा नेसणं हे मारवाडी किंवा गुजराती घरचं, असा आपला समज. माझ्या आठवणीप्रमाणे हा बांध फुटला तो १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आल्यावर. त्यात आपल्याच माधुरीने नेसलेली जांभळी साडी गावोगाव विकली गेली, आणि तिच्या पाठोपाठ संगीत, मेहंदी हे कार्यक्रमही मराठी घरांत शिरले. आपल्या लग्नात सीमांतपूजन होतं, हळद होती, गौरीहर होता, अंतरपाट होता. संगीत नव्हतं. नव्या कार्यक्रमाला जुना नियम नसतो, त्यामुळे तिथे काय घालायचं ते मुलींनी आपल्या आपण ठरवलं. ते मला योग्यच वाटतं.

पण मुलीने निळा रंग निवडला की मात्र जुने नियम कुठून तरी बाहेर येतात!

आमच्या नात्यातल्या एका मुलीचं लग्न ठरलंय. रिसेप्शनसाठी तिने गडद निळा लेहेंगा पसंत केला आणि त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. त्यावर दोन दिवस चर्चा. कोणी म्हणालं निळा म्हणजे काळ्याचाच भाऊ. कोणी म्हणालं शनीचा रंग. कोणी म्हणालं शास्त्रात निषिद्ध आहे. मुलीने मला फोन करून विचारलं, "आजी, तुम्ही इतिहास शिकवायच्या ना, खरंच असं आहे का?" आता इतक्या वर्षांनी कुणी इतिहासाच्या बाईंना प्रश्न विचारतंय म्हटल्यावर मी कशाला सोडते!

तर शास्त्रापासून सुरू करू. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात ब्राह्मणाने कोणत्या वस्तू विकू नयेत याची लांबलचक यादी आहे. त्यात मद्य, नीळ आणि लाख शेजारी शेजारी आहेत. पुढच्या काही स्मृतींत निळीने रंगवलेलं वस्त्र नेसण्यालाही दोष सांगितलाय. म्हणजे शास्त्रवाल्यांचं म्हणणं हवेतलं नाही. पण याच परंपरेतल्या ग्रंथांनी लोकर आणि रेशीम यांना या दोषातून सूट दिली आहे. सुती कापडाला दोष, रेशमाला नाही. नवरीचा शालू कधी सुती होता का? तेव्हा शास्त्र काढायचं असेल तर पूर्ण काढा, असं मी ग्रुपवर लिहिलं. त्यावर फक्त एक अंगठा आला.

निळीवर एवढा राग का असावा? याचं उत्तर बहुधा ती करण्याच्या पद्धतीत आहे. निळीची हिरवी झाडं कापून पाण्याच्या हौदात भिजत घालत. ती आंबत, कुजत. मग ते पाणी तासन् तास घुसळत, म्हणजे हवा लागून निळा गाळ खाली बसे. तो गाळून, उकळून, वाळवून त्याच्या वड्या पाडत. या सगळ्याला भयंकर वास येतो. पुढे कापड रंगवतानाही निळीचा माठ आंबवावा लागे. माठातून कापड बाहेर काढलं की ते पिवळट हिरवं दिसतं आणि वाऱ्यावर धरलं की डोळ्यांदेखत निळं होत जातं. (हा प्रयोग शाळेत करून दाखवावा असं मला फार वाटायचं, पण विज्ञानाचे सर म्हणत, बाई, तो तुमचा विषय नाही.) हे काम करणारे आपल्याकडचे लोक निळारी किंवा निराळी म्हणून ओळखले जात. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे. वास माठाचा, पण विटाळ लागला माणसाला आणि रंगाला. आपल्याकडे बऱ्याच गोष्टींचं असंच झालं.

बरं, त्यांच्यावाचून चालत तरी होतं का? निळीची गंमत अशी की ती सुती कापडावर तुरटीबिरटी काही न लावता पक्की बसते. म्हणून कष्टकरी बायकांची लुगडी निळी, कारण मळखाऊ आणि धुऊन धुऊनही टिकणारी. इरकलीतली ती जुनी गडद निळी आठवा. चंद्रकळा काळी म्हणतो आपण, पण सुताला निळीच्या माठात पुन्हा पुन्हा बुडवलं की रंग असाच निळसर काळा होत जातो. आणि हीच 'अशुभ' चंद्रकळा नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला हलव्याच्या दागिन्यांबरोबर कौतुकाने नेसवतात! लग्नात नको, पण लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला हवी.

याहून मोठी गंमत हिरव्या रंगाची आहे. हिरवा म्हणजे सौभाग्याचा, हिरवा चुडा, हिरवा शालू. पण कृत्रिम रंग येण्याआधी कापडावर पक्का हिरवा देणारी एक अशी वनस्पती नव्हतीच. आपल्याकडे काय आणि युरोपात काय, हिरवा हवा असेल तर कापड निळीत बुडवायचं आणि त्यावर हळदीसारखा पिवळा चढवायचा, नाहीतर आधी पिवळा आणि मग निळा. म्हणजे पणजीच्या हिरव्या शालूच्या पोटात नीळच होती. वरून हळद दिली की झाली मंगल.

पैठणीतही निळा आहे. आपल्या जिल्ह्यातल्या येवल्याला विणकर रंगांची जुनी नावं सांगतात, ती ऐकायला फार गोड वाटतात. पोफळी म्हणजे पिवळा, राघू म्हणजे पोपटी, शिरोदक पांढरीशुभ्र, मोतिया फिकट गुलाबी, कालीचंद्रकळा काळी आणि लाल काठाची. आणि निळीला नीळगुंजी. रंगाला स्वतंत्र नाव पडतं ते त्याला गिऱ्हाईक असतं म्हणून. पण मागणीत तो मागेच होता असं दिसतं. थोरल्या माधवराव पेशव्यांनी पैठणच्या आसावली दुपट्ट्यांची मागणी केली होती, तिचा उल्लेख पैठणीवरच्या लेखनात हमखास येतो. त्यात लाल, हिरवा, केशरी, डाळिंबी, गुलाबी आहेत. निळा नाही.

युरोपवाल्यांना मात्र हा रंग इतका हवा होता की त्याचं त्यांच्याकडचं नावच, इंडिगो, हिंदुस्थानावरून पडलं. त्या हव्यासापायी बंगालात आणि बिहारात शेतकऱ्यांचं काय झालं, १८५९चा उठाव आणि १९१७चं चंपारण, ते शाळेत सगळ्यांनी वाचलंय. १८९७ साली जर्मनीत बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ विकायला काढली आणि पहिल्या महायुद्धाच्या आधीच आपली निर्यात बसली. तेव्हापासून ना हौद, ना कुजलेली पानं, ना माठ. शास्त्रातला दोष जर त्या वासाला होता, तर तो जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली.

शनीबद्दल फार बोलत नाही. नीलम हा शनीचा खडा, तो उशाशी ठेवून पाहायचा वगैरे मला माहीत आहे. पण खडा बोटात घालणं वेगळं आणि लेहेंगा नेसणं वेगळं. बाकी पीतांबर नेसणाऱ्या कृष्णाचा थोरला भाऊ बलराम हा नीलांबर, हे विसरू नये. आणि काळ्या-निळ्याला नाक मुरडणाऱ्या नाशिककरांनी एकदा काळारामासमोर उभं राहून विचार करावा.

इथवर लिहिलं असतं आणि थांबले असते तर सगळे खूश झाले असते. पण ग्रुपवरची चर्चा संपल्यावर एका वहिनींचा मला वेगळा फोन आला. आवाज खाली करून त्या म्हणाल्या, "अहो शास्त्राचं जाऊ द्या. एवढा निळा घातला तर पाहुण्यांना आपण 'त्यांच्यातले' वाटू." बोलल्या एकट्या त्याच, पण शनी आणि शास्त्र यांच्यामागे अनेकांच्या मनात हेच होतं अशी माझी खात्री आहे. म्हणून तेही इथे लिहिते. वहिनी वाचतीलच, त्यांच्याशी फोनवर जे बोलले तेच लिहितेय.

१९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं, त्याचा झेंडा निळा. पुढे रिपब्लिकन पक्षाचाही निळाच. बाबासाहेबांचा पुतळा गावोगाव उभा राहिला तो निळ्या कोटातला. अशोकस्तंभाच्या सारनाथापेक्षा आज खेडोपाडी निळ्या कोटाची ओळख जास्त आहे. म्हणजे वहिनींना नको असलेला निळा स्मृतींमधला नाही, तो गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांतला आहे. आणि तो कमीपणाचा म्हणून कोणी त्यांच्यावर लादलेला नाही, त्यांनी स्वतः निवडलेला आहे.

कपड्यावरून जात ओळखणं ही आपली जुनी खोड. बायकांच्या लुगड्याची लांबी, नेसण्याची तऱ्हा, अंगावरचे चांदी-कथलाचे दागिने, सगळं ठरलेलं, का तर लांबून कळावं. डिसेंबर १९२७मध्ये महाडच्या परिषदेला जमलेल्या बायकांसमोर बाबासाहेब बोलले त्यात लुगड्याचा विषय होता. ज्या नेसण्यावरून तुम्हाला ओळखून वेगळं काढतात ते बदला, घोट्यापर्यंत नेसा, असा त्यांचा सांगण्याचा रोख होता. बायकांनी तिथल्या तिथे नेसणं बदललं. 'त्यांच्यातली' वाटू नये म्हणून त्या बायकांना एका लुगड्यासाठी केवढं धाडस करावं लागलं! आणि आपल्याला आज तीच भीती उलट्या बाजूने वाटते, तीही एसी हॉलमध्ये, जेवणाचं ताट हातात घेऊन.

आपल्या जिल्ह्यात तर ही टाळाटाळ शोभतच नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढची पाच वर्षं दार उघडलं नाही. त्यानंतर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी 'हिंदू म्हणून मरणार नाही' ही घोषणा झाली ती येवल्याला. तिथे आता मुक्तिभूमीचं स्मारक आहे. आमच्या घरातल्या बायका पैठणीसाठी येवल्याला आजवर किती वेळा गेल्या असतील याची गणती नाही. मुक्तिभूमी पाहिलेली त्यात एकही नाही. मी दोनदा गेले, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीबरोबर, आणि दोन्ही वेळा मुलांनी मला प्रश्न विचारून हैराण केलं.

बौद्ध पद्धतीच्या लग्नात, माहीत नसेल तर सांगते, वधूवर पारंपरिकपणे पांढरे कपडे घालतात. निळा फेटा किंवा निळी साडीही आता दिसते. तेव्हा लेहेंग्याच्या रंगावरून कोणाला काही ओळखायचंच असेल तर ती ओळखही चुकण्याचा संभव आहे. असो.

मुलीला मी सांगितलं ते एवढंच. निळा दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नकोस. दुकानदाराला सांगून कापड दारापाशी उन्हात न्यायचं. फार गडद घेतला तर हॉलच्या पिवळ्या दिव्यांत तो चक्क काळा दिसतो आणि फोटोत भरतकाम तेवढं उरतं. मोरपिशीकडे झुकणारा किंवा नीळगुंजीच्या जवळचा घेतला तर रात्रीही निळाच राहतो. त्यावर चांदीच्या जरीपेक्षा सोनेरी बरी, कारण हिरवा चुडा आणि मंगळसूत्र दोन्ही त्याच्याशी भांडत नाहीत. ओढणी मात्र तिला येवल्याचीच हवी आहे, निळ्याला डाळिंबी काठाची. तशी तयार मिळाली नाही तर विणून घ्यावी लागेल आणि त्याला वेळ लागतो, म्हणून येत्या रविवारी निघतोय. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. येवल्यात कुठे कुठे थांबणार ते वर आलंच आहे, वहिनींनी यायचं असेल तर शनिवारपर्यंत कळवावं.