तळटीप ७ : खोपटच्या सर्व्हरमधील ‘चार डिस्कांचा एक साठा’

७. खोपट हा ठाणे शहरातील एसटी स्थानकाचा परिसर. तिथल्या कार्यालयातील ज्या रचनेचा लेखक इथे उल्लेख करतो, तिला ‘रेड ०’ म्हणतात. तीत फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडून ते पाळीपाळीने एकेका डिस्कवर लिहिले जातात. लिनक्सच्या ‘एमडीएडीएम’ या साधनात वेगळे न सांगितल्यास तुकडा ५१२ केबीचा असतो. चारही डिस्क एकाच वेळी काम करतात, म्हणून मोठ्या फाइलींचे वाचन-लेखन झपाट्याने होते आणि १ टीबीच्या चार डिस्कांची पूर्ण ४ टीबी जागा हाती येते. मात्र एक डिस्क गेली की सगळाच साठा गेला. एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता २ टक्के धरली, तर चारांपैकी एखादी तरी बिघडण्याची शक्यता सुमारे ७.८ टक्के होते. पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांच्या १९८८ च्या बर्कली येथील निबंधात रेडचे १ ते ५ असेच स्तर होते. शून्याची भर नंतर पडली. पुढील प्रकरणात हिशेबाच्या फाइली ‘रेड १०’वर हलवल्या जातात, त्या एका डिस्कबरोबर सगळा साठा जाण्याच्या धोक्यामुळे. तिथे प्रत्येक तुकड्याची जोडप्रत दुसऱ्या डिस्कवर राहते. वापराची जागा मात्र निम्मी होते. — संपा.