एक कंपनी, दोन ज्येष्ठता याद्या

२७ ऑगस्ट २००७ रोजी एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी विमान कंपन्या कायद्याने एक झाल्या. नव्या कंपनीचे नाव होते नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया. २०१० च्या नोव्हेंबरात ते पुन्हा एअर इंडिया झाले. २०११ मध्ये इंडियन एअरलाइन्सचा तिकिटावरचा ‘आयसी’ हा संकेतही गेला. वैमानिकांच्या ज्येष्ठता याद्या मात्र दोनच राहिल्या आणि त्यांवरून पुढची पाच वर्षे संप, कोर्ट आणि बडतर्फी यांत गेली.

दोन्ही कंपन्या १९५३ च्या एकाच राष्ट्रीयीकरण कायद्यातून आल्या होत्या. देशांतर्गत वाहतूक करणाऱ्या कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली, परदेशी मार्ग एअर इंडियाकडे गेले. एकीचा कारभार दिल्लीतून चाले, दुसरीचा मुंबईतून. वैमानिकांच्या संघटनाही वेगळ्या होत्या. एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड, इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन. अर्धशतक वेगवेगळे करार, वेगवेगळे भत्ते आणि बढतीचे वेगवेगळे रिवाज मुरलेले असताना हे दोन वर्ग एका छपराखाली आले.

वैमानिकाच्या नोकरीत ज्येष्ठता क्रमांकावर जवळजवळ सगळे ठरते. सहवैमानिक उजव्या आसनावर बसतो; डाव्या आसनावर कमांडर म्हणून जाण्याची पाळी यादीतल्या क्रमाने येते. मोठ्या विमानाचे प्रशिक्षण कोणाला आधी मिळणार, हेही त्याच क्रमावर अवलंबून असते. पगारात मूळ वेतनापेक्षा उड्डाणाच्या तासांवरचे भत्ते मोठे असतात आणि ते पद व विमानाचा प्रकार पाहून बदलतात. म्हणून यादीत शंभर जागा खाली जाणे म्हणजे कित्येक वर्षांची कमाई मागे पडणे.

याद्या एकत्र करण्याची कोणतीही रीत घेतली तरी कोणी ना कोणी दुखावतोच. एअर इंडियाकडे विमाने मोजकी होती, त्यामुळे तिच्या सहवैमानिकांना कमांडर होण्यासाठी दीर्घ काळ वाट पाहावी लागे. इंडियन एअरलाइन्समध्ये लहान विमाने अधिक असल्याने ती पाळी लवकर येई. एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या दोघांपैकी एक कमांडर, दुसरा अजून सहवैमानिक, असे चित्र होते. रुजू होण्याची तारीख धरली तर कमांडर झालेला नाराज. कमांडर झाल्याची तारीख धरली तर वर्षानुवर्षे थांबलेला आणखी मागे. हा पेच सोडवण्याआधीच विलीनीकरण उरकले गेले, आणि पुढच्या साऱ्या बखेड्याचे मूळ तिथेच आहे.

हा पेच भारतापुरता नव्हता. अमेरिकेत यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट यांचे विलीनीकरण २००५ मध्ये झाले. २००७ मध्ये लवाद जॉर्ज निकोलाऊ यांनी एकत्रित यादी दिली, पण यूएस एअरवेजच्या जुन्या वैमानिकांनी ती नाकारली आणि वेगळी संघटनाच काढली. तो वाद २०१६ पर्यंत रेंगाळला.

इकडे आधी वेतनाचा प्रश्न भडकला. २००९ च्या सप्टेंबरात प्रोत्साहन भत्त्यात कपात जाहीर होताच वैमानिकांनी आजारपणाची रजा टाकली. २७ एप्रिल २०११ पासून इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी दहा दिवस संप केला. एअर इंडियाच्या वैमानिकांइतके वेतन आणि ठरावीक तासांच्या भत्त्याची हमी ही त्यांची मागणी होती. व्यवस्थापनाने संघटनेची मान्यता काढून घेतली, दिल्ली उच्च न्यायालयाने संप थांबवण्याचे आदेश दिले. संप मिटल्यावर सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती डी. एम. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने जानेवारी २०१२ च्या अखेरीस अहवाल दिला. वेतन आणि ज्येष्ठता जुळवण्याचे काम विलीनीकरणानंतर चार वर्षांनी हाती घ्यावे लागले, यातच नियोजनातली मोठी चूक दिसते.

अहवालाची शाई वाळते न वाळते तोच ड्रीमलायनरवरून ठिणगी पडली. ड्रीमलायनर, म्हणजे बोइंग ७८७, जातीची २७ विमाने २००५ मध्ये, म्हणजे विलीनीकरणापूर्वी, एअर इंडियाने मागवली होती. व्यवस्थापनाने प्रशिक्षणासाठी दोन्ही बाजूंचे वैमानिक निवडायचे ठरवले. विमान आमच्या कंपनीने घेतले आणि आमचे सहवैमानिक बढतीच्या आशेने थांबले आहेत, असे गिल्डचे म्हणणे. कंपनी एक झाल्यावर नवे विमान एकाच गटाचे कसे, हा दुसऱ्या बाजूचा सवाल. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते.

७ मे २०१२ च्या रात्रीपासून गिल्डचे वैमानिक आजारपणाची रजा घेऊन घरी बसू लागले. कंपनीने गिल्डची मान्यता काढली आणि शंभरावर वैमानिकांना बडतर्फ केले. परदेशी उड्डाणे मोठ्या प्रमाणावर रद्द झाली. ५८ दिवसांनी, ३ जुलै रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाच्या मध्यस्थीने संप मागे घेण्यात आला. पहिले ड्रीमलायनर सप्टेंबरमध्ये भारतात उतरले.

दशकाने विलीनीकरणाचा पेच पुन्हा उभा राहिला. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली आणि समूहाच्याच विस्तारा कंपनीशी तिचे विलीनीकरण ठरले. नवा वेतन करार आला तसे २०२४ च्या एप्रिलमध्ये विस्ताराचे अनेक वैमानिक रजेवर गेले. पूर्वी महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाचे वेतन निश्चित होते, नव्या करारात ते ४० तासांवर आले. विस्ताराला काही काळ रोजची उड्डाणे सुमारे १० टक्क्यांनी कमी करावी लागली. विलीनीकरण १२ नोव्हेंबर २०२४ रोजी पूर्ण झाले. त्याआधीच निवृत्तीच्या वयावरूनही कुरबुर सुरू झाली होती. विस्तारात ती मर्यादा ६० वर्षांची होती. एअर इंडियात वैमानिक ५८ व्या वर्षी निवृत्त होत, पण त्यांना कराराने ६५ पर्यंत ठेवण्याची सोय होती. वरचा कमांडर जितकी वर्षे थांबेल, तितकी वर्षे खालच्या सहवैमानिकाची डाव्या आसनाची पाळी लांबते.