खालचीं मडकीं

अमेरिकेंत बेसबॉलच्या थोरल्या संघांखालीं धाकट्या संघांची उतरंड रचलेली असते. रॉन शेल्टन १९६७ ते १९७१ तींत खेळला. सर्वांत वरच्या धाकट्या संघापर्यंत पोहोंचला, पण थोरल्या संघांत त्याचें पाऊल पडलें नाहीं. पुढें १९८८ सालीं त्यानें ‘बुल डरहॅम’ हा बोलपट लिहून दिग्दर्शित केला. त्यांतील प्रौढ क्रॅश डेव्हिस एका उमेदवार गोलंदाजाला घडवितो. शिष्य वर जातो, गुरूला मात्र निरोप मिळतो. हें नांव शेल्टननें जुन्या नोंदींतून उचललें होतें. खरा डेव्हिस १९४० ते १९४२ फिलाडेल्फियाच्या थोरल्या संघांत होता. १९४८ सालीं तो डरहॅमकडून खेळला. उतरंडीचें वरचें मडकें सर्वांना दिसतें. भार मात्र खालचीं वाहतात. शेल्टननें तीं दाखविलीं.