वाढत्या वयाची दोन चित्रे: मनू आणि भोला

सोहराब मोदी यांचा ‘झांसी की रानी’ १९५३ साली प्रदर्शित झाला. गंगाधरराव नेवाळकरांच्या मृत्यूला त्याच वर्षी शंभर वर्षे होत होती. टेक्निकलरचा हा भारतातील पहिला प्रयत्न. खर्च अफाट झाला, यश मात्र लाभले नाही. मेहताब यांचे वय भूमिकेस मानवत नव्हते हे खरे. परंतु उणीव त्याहून खोल आहे. मोरोपंत तांब्यांची मनू येथे राजगुरूच्या नजरेस भरते ती भावी राणी म्हणूनच. पुढे घडते ते तिचे वाढणे नव्हे, नेमलेले भविष्य फळास येणे होय. १८४२ मध्ये लग्न होऊन झाशीस आलेल्या मुलीचे बालपण कोठे गेले, हा प्रश्न चित्रपटास पडत नाही. ‘माझा प्रवास’ लिहिणाऱ्या विष्णुभट गोडशांनी राणीचा व्यायाम, स्नान, पोशाख, दानधर्म कौतुकाने न्याहाळला. त्या भिक्षुकाच्या गद्यात जे हाडामांसाचे माणूस आहे, ते रंगीत पडद्यावर सापडत नाही.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘बूट पॉलिश’मध्ये कसलेही विधिलिखित नाही. भीक मागण्यास लावलेली भोला आणि बेलू ही भावंडे जॉनचाचाच्या शिकवणीने पॉलिशची पेटी घेतात. पण पावसाळ्यात धंदा बसतो, भूक लागते, आणि तरीही भोला भिकेचे नाणे नाकारतो. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे मुलगा तेराव्या वर्षी आपल्या कर्तव्यांस स्वतः उत्तरदायी होतो. वयात येण्याची ही व्याख्या भोलाला जितकी लागू पडते तितकी मनूला नाही. जॉनचाचा रंगविणारे डेव्हिड अब्राहम चेऊलकर हे बेने इस्रायल समाजातील, मराठीभाषी घरातले, हा केवळ योगायोग. त्यावर सिद्धांत उभारणे अनाठायी ठरेल.

सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९८० साली सुरू झालेल्या ज्यू चित्रपट महोत्सवानंतर असे महोत्सव अनेक शहरांत रुजले, आणि वाढत्या वयाच्या कथा तेथे नित्याच्या झाल्या. लुई माल यांच्या १९८७ च्या ‘ओ रव्हार ले आँफाँ’मध्ये एका मुलाची नकळत वळलेली नजर लपलेल्या ज्यू मित्राचा घात करते, प्रौढत्व त्या क्षणी येते, अपराधाच्या रूपाने. मराठी ज्यू मुलाकडे मात्र ‘बूट पॉलिश’चा पडदाही वळत नाही. चेऊल गावाचे नाव आडनावात वागविणारा नट तेथे आहे. पण त्याने रंगविलेल्या माणसाचे नाव जॉन आहे.