‘प्रतिष्ठा’ : मूर्तीची आणि माणसाची

प्रतिष्ठित व्यापारी, प्रतिष्ठित घराणे, प्रतिष्ठेचा प्रश्न – आपल्या बोलण्यात ‘प्रतिष्ठा’ हा शब्द सतत येतो. मंदिरात मात्र मूर्ती पूज्य होण्याच्या विधीला हेच नाव आहे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ किती दूर गेले, हे पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

‘स्था’ म्हणजे उभे राहणे. त्याला ‘प्रति’ उपसर्ग लागून ‘प्रतिष्ठा’ शब्द सिद्ध होतो. दृढ आधार, स्थिर स्थान हा त्याचा मूळ अर्थ. घडविलेला पाषाण विधी होईपर्यंत केवळ शिल्प असतो. दिगंबर परंपरेत गर्भ, जन्म, तप, केवलज्ञान आणि मोक्ष या पंचकल्याणकांच्या विधीने, तर श्वेतांबर परंपरेत आचार्यांच्या हस्ते होणाऱ्या अंजनशलाकेने मूर्ती पूजनीय होते. तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी या विधीवर ‘प्रतिष्ठासारोद्धार’ हा ग्रंथ रचला.

व्यवहारात आपण ‘प्राणप्रतिष्ठा’ असेही म्हणतो. परंतु सिद्धपदाला पोहोचलेला आत्मा पुन्हा संसारात येत नाही, हा जैन सिद्धांत आहे. मग मूर्तीत स्थापन होते ते काय ? तत्त्वार्थसूत्रात नाम, स्थापना, द्रव्य व भाव असे चार निक्षेप सांगितले आहेत. त्यांतील ‘स्थापना’ येथे लागू पडते. या आकारात आम्ही जिनेंद्रांचे गुण पाहू, असा तो संकल्प आहे. तो पाळण्याची जबाबदारी अर्थातच पूजकावर येते.

हा संकल्प करण्याचा अधिकार कोणाचा होता ? मथुरेच्या वस्तुसंग्रहालयात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक आयागपट आहे. त्यावरील प्राकृत लेखानुसार लोणशोभिका नामक गणिकेची कन्या वसू हिने अर्हतांचे देवकुल, आयागसभा, पाणपोई आणि शिलापट यांची प्रतिष्ठापना केली. वसू स्वतःही गणिका होती. लेखात तिने आपली ओळख श्रमणांची श्राविका अशी दिली असून आई, बहीण, कन्या व पुत्र यांनाही या पुण्यात सहभागी करून घेतले आहे. समाजाने जिला प्रतिष्ठित म्हटले नसते, तिच्या नावापुढे ‘प्रतिष्ठापित केले’ हे क्रियापद कोरलेले आहे !

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. विक्रम संवत 1548 मध्ये शाह जीवराज पापडीवाल यांनी भट्टारक जिनचंद्र यांच्या हस्ते हजारो मूर्तींची प्रतिष्ठा करविली. महाराष्ट्रातील अनेक दिगंबर मंदिरांत त्या आजही पूजिल्या जातात. एवढ्या मोठ्या दात्याच्या नावापुढे मूर्तिलेखात काय आहे ? तो ‘नित्य प्रणाम करतो’, इतकेच.

आज प्रतिष्ठा-महोत्सवात बोल्या बोलल्या जातात. त्यात गैर काही नाही. त्याच द्रव्यातून मंदिरे उभी राहिली आणि जीर्णोद्धार झाले. आम्ही व्यापारी माणसे बोलीचा आकडा चटकन लक्षात ठेवतो. परंतु मूर्तीच्या प्रतिष्ठेतून स्वतःची प्रतिष्ठा मोजू लागलो, तर शब्द उरेल आणि अर्थ निघून जाईल. ज्याच्याजवळ बोली बोलण्याइतके द्रव्य नाही, तो शेवटच्या रांगेतून हात जोडतो. जीवराज शाहांच्या लेखातील क्रियापद त्यालाही तितकेच लागू पडते.

सुवर्णमहोत्सवाच्या या पर्वावर विश्वस्तांनी आणि श्रावक-श्राविकांनी याचा विचार करावा, ही नम्र विनंती.

जय जिनेंद्र !