उतरलेली मिशी, उगवलेली भुवई: कृष्णाकाठच्या चेहऱ्यांची एक गोष्ट

मराठी भाषेने माणसाची अब्रू त्याच्या चेहऱ्यावर ठेवली आहे. अपमान झाला की नाक कापले जाते. विजय मिळाला की मिशीला पीळ बसतो, मनातल्या मनात आनंद झाला तर माणूस मिशीत हसतो आणि पैज लावणारा 'हरलो तर मिशी उतरवीन' असे छातीठोकपणे सांगतो. साताऱ्यात किंवा सांगलीत एखादा तरुण दाढीच्या केसांचे प्रत्यारोपण करून घेतो, तेव्हा घरातली वडीलधारी मंडळी त्याला आजचे खूळ म्हणून सोडून देतात. मात्र गेलेला चेहरा परत मिळवण्याची ही धडपड जुनी आहे आणि तिचे काही धागे याच मुलखातून गेलेले आहेत.

मुलूख तसा एकच. 1949 मध्ये संस्थाने विलीन झाल्यानंतर सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग आणि सांगली-मिरजेचा प्रदेश मिळून 'दक्षिण सातारा' हा जिल्हा झाला. 1960 मध्ये त्याचे नाव सांगली ठेवण्यात आले.

आधी स्वेच्छेने उतरवलेल्या मिशीची गोष्ट. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि आपल्या पदरच्या विष्णु अमृत भावे यांना तसेच काही मराठीत करण्याची आज्ञा केली. त्यातून 1843 मध्ये सांगलीच्या दरबारात 'सीतास्वयंवर' उभे राहिले. राम, रावण, जनक, सीता, सगळेच पुरुष. सीतेला अर्थातच मिशी चालणार नव्हती. पुढची ऐंशी-नव्वद वर्षे मराठी रंगभूमीवर हाच नियम राहिला. 1905 साली मिरजेत शकुंतला म्हणून उभे राहिलेले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, हे त्याचे सर्वांत देखणे फळ. ऋषी आणि राक्षस झालेल्यांना दाढ्यामिशा चिकटवाव्या लागत, तर नायिका झालेल्यांना असलेली मिशी काढावी लागे. रंगपटात दोन्ही कामे चालत.

यातले दुसरे काम वाटते तितके सोपे नव्हते. अनेक हिंदू घरांत वडील वारल्यावर क्षौर करताना मिशी काढली जाई, त्यामुळे वडील हयात असताना मिशी उतरवणे अभद्र मानले जाई. दादासाहेब फाळके 1913 मध्ये प्रदर्शित झालेला 'राजा हरिश्चंद्र' करीत असताना स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांनी याच कारणासाठी मिशी काढण्यास खळखळ केल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. फाळक्यांना त्यांची मनधरणी करावी लागली. नटांचा विरोध हास्यास्पद वाटतो खरा, पण मिशी काढलेला तरुण गावात दिसला की लोक आधी त्याच्या वडिलांची चौकशी करीत, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांची बाजू कळते.

तरीही नटाची मिशी महिन्याभरात परत येई. त्याच काळात ब्राह्मण विधवांचे केस त्यांच्या इच्छेविरुद्ध, पुन्हा पुन्हा, आयुष्यभर उतरवले जात होते. केशवपनाविरुद्ध पहिले आवाज उठवणाऱ्यांत जोतीराव फुले होते; त्यांच्या घराण्याचे मूळ सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार केला. केसांच्या इतिहासात पुरुषांच्या मिशीला जेवढी जागा मिळते, तेवढी या वस्तऱ्यांना मिळत नाही.

आता जे परत येत नाही त्याविषयी. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात टिपू सुलतानाविरुद्ध मराठे आणि इंग्रज एका बाजूने लढले. तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन मोठी फौज घेऊन धारवाडच्या वेढ्यावर होते. याच युद्धात इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळ एका कुंभार जातीच्या, विटा पाडणाऱ्या माणसाने त्याला नवे नाक करून दिले आणि मुंबईहून आलेल्या दोन इंग्रज वैद्यांनी ते पाहिले. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत चित्रासह छापून आली.

त्या कारागिराची पद्धत थक्क करणारी आहे. त्याने मेणाचा पातळ पत्रा कावसजीच्या तुटक्या नाकावर बसवून हवा तसा आकार दिला, मग तो उलगडून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ मारली. रेघेच्या आतली कातडी सोडवली, मात्र दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवली, कारण रक्त तिथूनच येणार होते. कातडी पिरगळून खाली आणली, नाकाच्या जागी कडांच्या खाचेत बसवली आणि पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून ती चिकटवली. नवी जागा धरली गेल्यावर, सुमारे पंचवीस दिवसांनी, मधला दुवा कापला. सुश्रुतसंहितेत गालाची कातडी घेण्याची रीत आहे; येथे कपाळाची घेतली गेली. 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने हीच रीत लंडनमध्ये वापरली आणि युरोपातील प्लास्टिक सर्जरीला नवे वळण मिळाले. कारागिराचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. ज्यांचे नाक कापले, ज्याने चित्र काढले, ज्यांनी पाहिले, ते सगळे नावानिशी नोंदले गेले. ज्याच्या हातात वस्तरा होता तो जातीने ओळखला गेला.

या रीतीतली एक अडचण पुढच्या शतकांत शल्यविशारदांच्या लक्षात आली. ज्याचे कपाळ अरुंद, त्याच्या नव्या नाकाच्या टोकाशी डोक्याचे केस येत आणि नाकावर बसूनही वाढत राहत. कातडी हलवली तरी ती आपला स्वभाव सोडत नाही. नाकावर हा दोष ठरला. भुवईवर आणि ओठावर तोच गुण ठरणार होता.

तो गुण ज्यांना सर्वांत आधी हवा होता, त्यांच्याशी मिरजेचा जवळचा संबंध आहे. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत सुरू केलेल्या मिशन रुग्णालयामुळे हे गाव 'दवाखान्यांचे गाव' झाले, आणि पुढे तेथे रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयही उभे राहिले. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात. म्हणून तो नाकात, कानाच्या पाळीत, हातापायांच्या नसांत आणि भुवयांत शिरतो. भुवई बाहेरच्या टोकाकडून विरळ होत जाते आणि अखेर नाहीशी होते. डोक्याचे केस बहुधा शाबूत राहतात, कारण टाळू उबदार असते.

औषधांनी जंतू मरत, पण भुवई परत येत नसे. बिनभुवयांचा, बसक्या नाकाचा माणूस बरा झाला आहे, यावर गाव विश्वास ठेवत नसे. भाड्याने खोली नाही, हाताला काम नाही, पंगतीत जागा नाही. 1898च्या कायद्याने तर निराधार कुष्ठरोग्याला पकडून आश्रमात डांबण्याचा अधिकार सरकारला दिला होता, आणि तो कायदा पूर्णपणे पुसला गेला 2016 मध्ये. अशा माणसाच्या दृष्टीने दोन बोटांएवढे केस म्हणजे नटवेपणा नव्हता. माणसांत परत येण्याचा तो परवाना होता.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1940च्या दशकाच्या अखेरीस पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या आणि मग ते चेहऱ्याकडे वळले. टाळूवरची केसाळ कातडीची एक पट्टी तिच्या रक्तवाहिनीसकट सोडवायची, कपाळाच्या कातडीखालून बोगदा करून ती पुढे आणायची आणि भुवईच्या जागी शिवायची. कावसजीच्या कपाळावर रक्ताचा दुवा राखणाऱ्या त्या विटा पाडणाऱ्याने हे तत्त्व लगेच ओळखले असते. महाराष्ट्रात नोशीर अंतिया यांनी पुण्याजवळच्या कोंढव्यात आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरुग्णांच्या चेहऱ्यांवर असेच काम केले. ब्रँड यांनी सांगितलेली एक आठवण मजेदार आहे. भुवईवर आणलेले केस टाळूच्या केसांसारखेच लांब वाढत. ते कातरावेत असे डॉक्टर सांगत, पण काही रुग्णांना नव्या भुवयांचा एवढा अभिमान वाटे, की ते त्या डोळ्यांवर लोंबू देत. इतकी वर्षे ज्यांच्यापाशी एक केस नव्हता, त्यांनी कात्री का लावावी?

याच सुमारास जगात दुसरीकडे आणखी बारीक काम चालू होते. जपानचे शोजी ओकुदा यांनी 1939 मध्ये, दोन ते चार मिलिमीटर व्यासाच्या केसाळ कातडीच्या चकत्या लावून टाळू, भुवई आणि मिशीची जागा भरून काढल्याचे प्रसिद्ध केले. महायुद्धाच्या धुमश्चक्रीत ते जगाला फारसे कळले नाही. 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइख यांनी तत्त्व स्पष्ट मांडले: केस कुठे लावला यापेक्षा तो कुठून आणला यावर त्याचे वागणे ठरते. नंतर चकत्या लहान होत गेल्या, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी एक मिलिमीटरहून बारीक पोकळ पात्याने एकेक केसमूळ काढण्याची रीत रुळली. दाढीचे प्रत्यारोपण तिच्यामुळे सोपे झाले.

त्यात डोक्याच्या मागच्या भागातून किंवा जबड्याखालून मुळे घेतात. पूर्ण दाढीसाठी दोन हजारांच्या आसपास मुळे लागू शकतात, मिशीसाठी काही शे पुरतात. कस लागतो तो कोनाचा. मिशीचे आणि गालाचे केस कातडीला जवळजवळ चिकटून, ठरावीक दिशेने उगवतात. मूळ जरा उभे बसले तरी चेहरा ब्रशासारखा दिसतो. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात. तेव्हा घाबरून डॉक्टरांकडे धावणारे पुष्कळ असतात. तीन-चार महिन्यांनी नवे केस येऊ लागतात आणि खरे रूप दिसायला वर्ष जाते. टाळूवरून आणलेला केस ओठावरही टाळूच्याच चालीने लांबतो, म्हणून कात्री कायमची मागे लागते.

हे करून घेणारे सगळेच भरदार दाढीच्या हौसेने येत नाहीत. कोणाचा गाल भाजलेला असतो. कोणाचा ओठ जन्मतः दुभंगलेला असतो. लहानपणी तो शिवला जातो, पण मिशी फुटू लागली की शिवणीच्या रेषेवर तेवढीच जागा उघडी राहते आणि कॉलेजच्या वयात आरशात तीच आधी दिसते. व्रणात रक्तपुरवठा कमी असल्याने तेथे लावलेली सगळी मुळे धरत नाहीत. म्हणून जाणते शल्यविशारद पहिल्या खेपेला थोडीच मुळे लावतात, काही महिने वाट पाहतात, आणि जी जगली त्यांच्या मधल्या जागा दुसऱ्या खेपेला भरतात.